गुलाबी खुणेची क्लिप

प्रिय संची,

आधी कामाचं सांगते, मग भांडते. हे पत्र हातात पडलं की ती ओम्नी सुरू करायची नाही. तुझ्या इनासला सांग, चावी खुंटीला लाव आणि मासळी, बर्फ, काय असेल ते रिक्षाने पाठव, टेम्पोने पाठव, कसंही पाठव. आणि तू त्या पुढच्या सीटवर बसायचं नाहीस. मांडीवर मुलीला घेऊन तर अजिबातच नाही. त्या सीटच्या खालीच इंजिन आहे हे तुला मी सांगायला नको. लहानपणी गावाला जाताना तिथे बसून आपल्याला चटके बसायचे आणि बाबा खाली गोणपाट घालून द्यायचे. तिथल्या पेट्रोलच्या नळ्या कुजल्यात. एक बदलली गेलीय, बाकीच्या तशाच आहेत. आता पुढचं वाच, पण चावी आधी काढून घे.

चारेक वर्षं झाली. तू नंबर बदललास, मीही नवा शोधायला गेले नाही, आणि आता लिहायला बसले तर पेन नीट चालत नाहीये. मधेच उठते, गॅलरीत जाऊन येते, परत बसते. बाबा आत पेपर वाचतायत, म्हणजे तोंडापुढे धरून बसलेत. त्यांना माहितीय मी कोणाला लिहितेय. दोनदा येऊन विचारून गेले, चहा ठेवू का. बाबा आणि चहा! तू असतीस तर हसून लोळली असतीस.

तुला माहीत नसेल, मी हल्ली काशीमिऱ्याला गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असते. हसू नकोस. दवाखान्यातली नोकरी डॉक्टर गावाला गेले तेव्हा सुटली, बाबांच्या कारखान्यातल्या ओळखीने ही मिळाली. शेठ गुजराती, गिऱ्हाईक सगळं हिंदी बोलणारं, दिवसभर माझी जीभ वाकडी होते. पण काम आवडतं बाई मला. लोक येतात आणि दोन बोटांत अंतर दाखवून म्हणतात, मॅडम, इतना मोटा पाइप दे दो. मी म्हणते, मोटा नको, जुना तुकडा आणा. नळीचं बाहेरचं माप बघून काही उपयोग नाही, आतलं भोक जुळलं पाहिजे. सैल बसली तर गळते, घट्ट बसवायला क्लिप आवळली तर कापली जाते. आणि हल्ली तर आणखी एक डोकेदुखी. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, ते नव्या गाड्यांच्या नळ्यांना चालतं, पण जुन्या गाड्यांचं रबर आतून खातं. बाहेरून नळी काळी कुळकुळीत दिसते आणि आतून भुगा. म्हणून मी नळीच्या अंगावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय कोणाला देत नाही. शेठ म्हणतो, समिधाबेन, तुम नली बेचती हो के लड़की ब्याहती हो.

तर गेल्या शनिवारी दुपारी एक माणूस आला. उन्हाने रापलेला, केसांवर मीठ बसल्यासारखा, हातात नळीचा तुकडा. जाडजूड, सुजलेला, दाबला तर बोट आत जाईल इतका मऊ. बोटाला काळं लागलं. मी विचारलं ही कुठली नळी, तर म्हणाला बोटीची. डिझेल इंजिनची उरली होती, मीच कापून लावली ओम्नीला. मी म्हटलं, अहो, पेट्रोलच्या गाडीला? तर तो शांतपणे म्हणतो, दर्यावर टिकते ती, तं रोडवर का न्हाय टिकनार? मी कापलेली कड बघितली, इतकी सरळ, सफाईने कापलेली. हाताला वळण असलेला माणूस. आणि खरंच, डिझेलला ती नळी जन्मभर टिकली असती. पण हे पेट्रोल वेगळं. ते तिने प्यायलं आणि ती फुगली. तुमच्या गावात घरातली मोरीसुद्धा बोटीच्या सामानातून दुरुस्त होते, त्याचंही काही चुकलं असं मला वाटेना.

तो म्हणाला, एवढाच तुकडा गळतो, एवढाच द्या. मला चैन पडेना. म्हटलं गाडी दाखवा. दुकानासमोरच लावली होती, तुकडा तिथेच काढलेला. दार उघडलं आणि सुक्या बोंबलांचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला विचारलं, पेट्रोलचा वास नाही आला कधी? तो म्हणाला, गाडीत मासळीशिवाय दुसरा वास येतोच कुठं. बघ म्हणजे. आपल्या बिल्डिंगमध्ये कोणाचा गॅस जरा सुटला तर तिसऱ्या मजल्यावरची बाई ओरडत येते, आणि इथे नाकाखाली पेट्रोल ठिबकतंय आणि बोंबलांनी ते झाकून टाकलंय. मी सीट उचलली. खाली तीच बोटीची नळी आणखी दोन ठिकाणी. एक पंपाकडून येणारी, एक टाकीकडे परत जाणारी. दुसरीच्या सांध्यावर ओल होती, आणि त्याच्या खाली सायलेन्सरचा पाइप. तो तापल्यावर काय होतं हे मला माहितीय, दुकानात लोक येऊन सांगतात, कोणाची कुठे पेटली ते.

आणि मग मला ती क्लिप दिसली. जुनी, गंजलेली, आणि तिच्या स्क्रूवरून क्लिपच्या पट्टीवर आडवी मारलेली गुलाबी रेघ. फिकट झालेली, अर्धी उडालेली. संची, मी तिथेच त्या गाडीच्या पायरीवर बसले.

तुला आठवतंय ना? बाबा प्रत्येक क्लिप आवळून झाली की तिच्यावर नेलपॉलिशची रेघ मारायचे. स्क्रू जरा फिरला की रेघ तुटते, म्हणजे बघता क्षणी कळतं कोणती क्लिप सैल झाली. कारखान्यात कोणीतरी शिकवलेलं. तिथे रंगाचा डबा होता, घरी आपली नेलपॉलिश. आई गेल्यावर आपल्यासाठी पहिली बाटली त्यांनीच आणली होती, भाईंदरच्या बाजारातून, कोणता रंग घ्यायचा हे दुकानदारिणीला विचारून. आणि मग स्वतःच चोरायला लागले. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी आपण बाटली शोधायचो आणि ती बॉनेटमध्ये सापडायची, ब्रशला ग्रीस. तू किती रडायचीस! तू म्हणायचीस, माझी नेलपॉलिश ओम्नीने लावली. एकदा तर तू त्यांना दम दिलास की आता लाल आणा, गुलाबी माझी. आणि त्यांनी आणली नाही. म्हणाले, गुलाबी अंधारात दिसते.

तू लग्न करून गेल्यावर वर्षाच्या आतच त्यांनी ती गाडी विकली. तुझं नाव घ्यायचे नाहीत, आणि गाडी तर रोज दारात उभी. एजंट घेऊन गेला. मी विचारलं कोणाला दिली, तर म्हणाले मला काय करायचंय. आणि ती गाडी तुझ्या दारात उभी आहे! तूच घ्यायला लावलीस ना इनासला? एजंटाच्या आडून? मला सांगितलं तरी असतंस गं. कोणाला नाही तर मला.

हो, तो इनास होता हे मला तेव्हा कळलं. फोटोत एकदाच बघितलेला, तेव्हा अंगाने बारीक होता. पण मी ओळख दिली नाही. मी आपली नळीचं बोलत राहिले. म्हटलं सगळ्या बदलाव्या लागतील, टाकीजवळच्या पण, गाडी इथेच ठेवा. तो म्हणाला, न्हाय जमणार, बर्फ वितळतोय, सांजच्या आत माल पोचला पायजे. मग मी विचारलं, पुढे कोण बसतं? सहज विचारलं, सगळ्यांनाच विचारते. तो म्हणाला, बायको नि पोर.

संची, मी मावशी आहे हे मला पेट्रोलच्या नळीने कळलं. आता सांग, मी रागवायचं की नाही? मला इतका राग आला तुझा की मी त्याच्या हातातून पाना हिसकावून घेतला आणि पहिली नळी मीच चढवली. आणि त्याच वेळी मला रडू येत होतं, आणि शेठ काउंटरवरून ओरडत होता, समिधाबेन, उधर क्या कर रही हो. मुलगी कोणासारखी दिसते? नाव काय ठेवलंत? तिला कोणी सांगितलंय का की तिची आजी तिच्या आईला दुधी खायला लावायला कहाणी सांगायची?

त्याने पैसे दिले, जुनी क्लिप काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ही तुमाकडंच ऱ्हाऊं द्या. मला वाटलं, भंगार म्हणून. मग दारापर्यंत जाऊन वळला आणि म्हणाला, ताई, चष्मा कवा लागला तुमाला? आणि निघून गेला. चष्मा मला गेल्या वर्षी लागला. ज्याने माझा जुना फोटो बघितलाय त्यालाच हे कळणार. म्हणजे त्यानेही ओळखलं होतं मला, आल्याबरोबर. तुमच्या उत्तनजवळच्या पालीहून काशीमिऱ्यापर्यंत येताना वाटेत किती दुकानं लागतात? भाईंदर पश्चिमेलाच ढीगभर आहेत. ती सगळी सोडून तो माझ्या दुकानात आला. तू पाठवलंस त्याला, की आपणहून आला? तेव्हापासून डोक्यात हाच किडा वळवळतोय. खरं काय ते कळव.

त्याने जाताना मान हलवली होती, बाकीच्या नळ्यांसाठी येतो म्हणून. नाही आला. मी रोज काउंटरवरून रस्त्याकडे बघते. पांढरी ओम्नी दिसली की अर्धी उठते. हायवेवरून फायर ब्रिगेडची गाडी गेली की हातातलं सामान पडतं. शेठ म्हणाला, तब्येत ठीक नाही का, सुट्टी घे. घेतली. आणि सरळ स्टेशनवरून उत्तनची बस पकडली. मोरवा गेलं, डोंगरी गेलं. काय बोलायचं ते पाठ करत होते, आणि पालीला उतरल्यावर सगळं विसरले. त्या अरुंद गल्लीत विचारत विचारत तुझ्या दारापर्यंत पोचले. दाराला कुलूप. शेजारची टोपलीवाली मावशी ओट्यावर बोंबील निवडत होती. ती म्हणाली, गेलीत ना तिघां गाडी घेऊन, पाव्हन्यांकडं. आता न्हाय यायची, सांजंला येतील.

तिघं. गाडी घेऊन. त्याच गाडीत, तू पुढे, पोर मांडीवर. मला त्या मावशीने पाणी दिलं, मी ते अंगावर सांडलं. दोरीवर एक छोटा फ्रॉक वाळत होता, मी त्याला हात लावला, तर ती संशयाने बघायला लागली. मी कोण ते सांगितलं नाही. नाहीतर गावभर झालं असतं आणि तू उगाच अडचणीत आली असतीस. संध्याकाळपर्यंत थांबावं असं फार वाटलं. पण बाबा घरी एकटे होते, डोळ्याचं ऑपरेशन ताजं, ड्रॉप घालायचे होते. परत आले. बसमध्ये सगळा वेळ तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मूर्ख, हट्टी, आगाऊ मुलगी. आणि मग देवाला म्हटलं, हिला घरी पोचव बाबा, शिव्या मी नंतर घालते.

घरी आले ते माझं तोंड बघूनच बाबांनी विचारलं काय झालं. मी पर्समधून क्लिप काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी नेली, ऑपरेशनचा डोळा मिटून दुसऱ्याने बघितलं, मग उलट केलं. बोटाने त्या रेघेवरून हात फिरवला. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, ही उघडून परत आवळलीय, रेघ जुळत नाही. एवढंच. मी सगळं सांगितलं. बोटीची नळी, सायलेन्सर, सीट. मी सांगायला लागले तशी ते मान खाली घालून ऐकत होते. आणि पोर म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर केली. विचारलं, पुढे बसते? मी हो म्हटलं. ते उठले, माळ्यावरून पान्यांची पिशवी काढायला स्टुलावर चढले. ऑपरेशन झालेला माणूस! मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही.

एक सांगते, ऐकून घे. त्यांना राग नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. चर्चमधलं लग्न, समाज, गावचे काका काय म्हणतील, सगळं डोक्यात होतं. पण त्यांना जास्त लागलं ते हे, की तुझ्या लग्नाचं त्यांना खालच्या वाण्याकडून कळलं. पुडी बांधता बांधता तो म्हणाला, पेढे कधी देताय. तेवढं तू त्यांना समोर बसून सांगितलं असतंस तर कदाचित घर डोक्यावर घेतलं असतं त्यांनी, पण मग शांत झाले असते. तुला त्यांचा स्वभाव माहीत नव्हता का? असो. मी त्यांची वकिली करत नाही. चार वर्षं दोन हट्टी माणसांच्या मधे मी सँडविच झालेय, आता मला कंटाळा आलाय.

आज सकाळी ते माझ्याबरोबर दुकानात आले. पहिल्यांदाच. गिऱ्हाइकाच्या बाजूला स्टुलावर बसले आणि म्हणाले, नळ्या दाखव. मी चांगली काढून दिली. त्यांनी ती वाकवली, कानाशी धरली, काय ऐकत होते देव जाणे, आणि बाजूला ठेवली. दुसरी हुंगली, ठेवली. तिसरीवर छापलेलं भिंगातून वाचलं, मला वाचायला लावलं, शेठला वाचायला लावलं. शेठ म्हणाला, काका, कार्बुरेटरवाली गाड़ी है, इसमें साधा पाइप भी चलेगा, ये तो ज्यादा दाब का है. बाबा म्हणाले, साधा नको. मग क्लिपांचा डबा मागितला. दात असलेली क्लिप नळी कापते म्हणून गुळगुळीत कडांच्या शोधत बसले. एकेकीच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. शेठ वैतागला, दुकानात गर्दी झाली, आणि हे आपले वेचतायत. शेवटी शेठने विचारलं, काका, किसकी गाड़ी है? बाबा म्हणाले, बेटी की. आणि परत क्लिपा वेचायला लागले.

आता खरं सांगते, गाडी बंद ठेव एवढं कळवायला तुझ्या त्या टोपलीवाल्या मावशीकडे तोंडी निरोप दिला असता तरी चाललं असतं. ती रोज सकाळी भाईंदरच्या मार्केटात बसते, तिने सांगितलं मला. हे पत्रही तिच्याच टोपलीतून येणार आहे, पापलेट घेतल्याशिवाय ती नेणार नाही असं दिसतंय. लिहायला बसले ते दुसऱ्या कारणाने. रविवारी बाबा पालीला येतायत. मी बरोबर आहे. सकाळी निघू म्हटलं, तर तेच म्हणाले, सकाळी त्यांचं चर्च असेल, दुपारनंतर जाऊ. संची, हे बाबा म्हणाले. तर घरी राहा. पाया पडून रडारड करू नकोस, ते भांबावतील आणि परत बस पकडतील. ते तुझ्याकडे बघणारही नाहीत आधी, सरळ गाडीकडे जातील. जाऊ दे. इनासला सांग बाजूला उभा राहून पाने देत राहा, बोटीच्या नळीवरून काही बोलले तर ऐकून घे. आणि सीट उचलून झाली की पोरीला त्यांच्याजवळ सोड, बाकी ती बघेल. आत्ताच ते पेपर खाली ठेवून दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, तिला विचार, घरी नेलपॉलिश आहे का, का आपण घेऊन जायची. मी म्हटलं, विचारते.

तुझीच, अजून रागावलेली,
समिधा